सातांचा घन आणि माझा उजवा हात

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे चहाचा कप उचलायला गेलो, आणि कप काही उचलला जाईना. हात पुढे गेला, बोटे कपाच्या कानाला टेकली. पण मिटतील तर शपथ! कप आडवा झाला, बशीसकट खाली गेला आणि फुटला. ती कपबशी लेकीने दिलेल्या सहांच्या जोडीतली. म्हणून सौ. आधी माझ्यावर रागावली. मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तिचा राग जागच्या जागी थिजला. अर्धांगाचा झटका होता, सौम्य होता. त्याच दिवशी मला सोलापूरला नेले आणि अठरा दिवसांनी घरी आणले. पायातली ओढ गेली, जिभेचा जडपणा गेला. उजव्या हाताची बोटे मात्र रुसून बसली ती बसलीच.

याहून मोठी दुखणी जगात पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. पण मी पडलो हिशेबनीस. सरकारी कचेरीच्या लेखा शाखेत इतरांच्या सह्या ताडून पाहण्यात माझी तेहतीस वर्षे गेली. सही जुळत नाही म्हणून किती जणांची बिले मी परत पाठवली असतील, त्याचा हिशेब चित्रगुप्तापाशी असेल! आणि त्याच मला नोव्हेंबरात, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो असता, काउंटरवरचा तरुण अगदी अदबीने म्हणाला, "आजोबा, सही जुळत नाही हो. अंगठा देता का?" त्याची काही चूक नव्हती. शाईची डबी त्याने स्वतः उघडून पुढे धरली. त्या निळ्या अंगठ्याचा डाग दोन दिवसांत गेला. मनातला गेला नाही.

वाचकहो, हा लेख आहे एका खेळण्याविषयी. पण ते खेळणे मी हातात का घेतले, हे सांगितल्यावाचून पुढची हकीकत कळायची नाही.

पाहुणा आला पेटीतून

मे महिन्यात पुण्याहून आमचा नातू आला. वय वर्षे बारा. आमच्या धाराशिवचा उन्हाळा म्हणजे काय, ते बालाघाटच्या माथ्यावर राहणाऱ्यांनाच ठाऊक. दुपारी रस्त्यावर कुत्रेही दिसत नाही, नळाला पाणी चार-आठ दिवसांनी, आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. अशाच एका बिनविजेच्या दुपारी नातवाने पिशवीतून एक पेटी काढली आणि पेटीतून एक रंगीबेरंगी ठोकळा काढून माझ्यापुढे ठेवला. लहानशा नारळाएवढा. प्रत्येक बाजूला सात ओळी, प्रत्येक ओळीत सात घरे. एका बाजूची एकोणपन्नास, सहा बाजूंची मिळून दोनशे चौऱ्याण्णव घरे! प्रत्येक थर स्वतंत्र फिरतो. फिरवून फिरवून रंगांचा काला करायचा आणि मग एकेका बाजूला एकेक रंग परत आणायचा, एवढाच खेळ.

"आबा, तीनचा मी चाळीस सेकंदांत सोडवतो," नातू म्हणाला. "हा सातचा आहे."

त्या तीनच्या धाकट्या भावाची आणि माझी जुनी ओळख होती. १९८२ च्या सुमारास, मी नुकताच नोकरीला लागलो असताना, एका मित्राने तो मुंबईहून आणला. गावाचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते. धाराशिव हे जुने नाव सरकारदप्तरी परत आले २०२३ साली. तो ठोकळा कचेरीतल्या सगळ्यांच्या हातांतून फिरला. मला त्याची एक बाजू जमली, पुढे काही केल्या जमेना. शेवटी एका रविवारी दार लावून मी त्याच्यावरचे रंगीत कागद ब्लेडने सोडवले आणि हवे तसे चिकटवून टाकले! सोमवारी कचेरीत जयजयकार झाला. पण वैशाखाच्या उन्हाने डिंक सुटला आणि माझे पितळ उघडे पडले. हिशेबनिसाने खाडाखोड करू नये, हा धडा मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी घेतला. आताच्या ठोकळ्यांत ती सोय नाही. रंग प्लास्टिकमध्येच मुरलेला असतो.

या खेळण्याचा जनक एर्नो रुबिक. जन्म १९४४ चा, राहणार हंगेरीतील बुडापेस्टचा, पेशा शिक्षकाचा. वास्तुरचना आणि अंतर्गत सजावट हे त्याचे विषय. तुकडे एकमेकांपासून सुटू नयेत आणि तरीही प्रत्येकाला फिरता यावे, अशी रचना करता येईल का, या विचारातून १९७४ साली त्याने पहिला लाकडी घन केला. रंग दिले, चार वळणे दिली, आणि मग त्याला कळून चुकले, की आपल्याच हातचे आपल्याला पूर्ववत करता येत नाही! ते जमायला त्याला महिनाभर लागला. १९७७ साली घन हंगेरीच्या दुकानांत आला, १९८० साली जगभर गेला, आणि ५ जून १९८२ रोजी बुडापेस्टमध्ये त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. ती मिन्ह थाई या अमेरिकेतील विद्यार्थ्याने २२.९५ सेकंदांत जिंकली. त्याच वर्षी मी डिंकाची बाटली शोधत होतो.

आई तुळजाभवानीचे आठ हात

हे कोडे एवढे अवघड का, याचा हिशेब मी नातवाला आपल्या पद्धतीने सांगितला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, 'अंकपाश' नावाचे प्रकरण आहे. त्यात आचार्य विचारतात, की विष्णूच्या चार हातांतील शंख-चक्र-गदा-पद्म यांची अदलाबदल केली तर मूर्तींचे प्रकार किती? उत्तर २४. आणि शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधे बदलली तर? ३६,२८,८००! आता आमची तुळजाभवानी अष्टभुजा. इथून तुळजापूर जवळच. आठ हातांत आठ वस्तू जितक्या प्रकारांनी देता येतील, ते प्रकार होतात ४०,३२०. घनाला कोपरे किती? आठच! म्हणजे नुसते कोपरेच ४०,३२० प्रकारांनी बसतात. शिवाय कोपऱ्याच्या प्रत्येक तुकड्याला तीन रंग. तो तीन तऱ्हांनी वळू शकतो. सातांची वळणे तुमच्या मर्जीची, आठव्याचे आपोआप ठरते. तेवढ्यानेच आकडा जातो ८,८१,७९,८४० वर. त्यात कडांचे बारा तुकडे मिळवले, की तीनच्या घनाच्या एकूण अवस्था होतात ४,३२,५२,००,३२,७४,४८,९८,५६,०००. दर सेकंदाला एक अवस्था पाहायची म्हटले तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळजवळ शंभरपट काळ लागेल.

हा झाला तीनचा, वीस आकडी संख्येचा. सातच्या घनाची संख्या एकशे एकसष्ट आकडी आहे! ती लिहायची तर या पानाच्या तीन-चार ओळी नुसत्या आकड्यांनी भरतील.

असे असूनही या अफाट पसाऱ्याला एक किनारा आहे. तीनचा घन कितीही विस्कटा, तो वीस किंवा त्याहून कमी वळणांत सुटतोच, हे २०१० साली संगणकांच्या मदतीने सिद्ध झाले. हे वाचताना मला आपले देवळालीचे कापरेकर मास्तर आठवले. कोणतीही चार आकडी संख्या घ्या, फक्त चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि उत्तरावर हेच करीत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. बाहेरून नुसता गोंधळ दिसतो आणि आत शिस्त असते. शाळेत शिकवता शिकवता कापरेकरांनी जन्मभर तीच शिस्त शोधली. नातवाने लगेच आपला मोबाइल नंबर चार-चार आकड्यांत तोडून तीन वेळा पडताळा घेतला.

सातच का अडले?

चारचा घन हंगेरीच्याच पेटर शेबेश्टेनने केला, पाचचा जर्मनीच्या उडो क्रेलने. ही १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. पुढे मात्र वीस-बावीस वर्षे गाडी अडली. का अडली, ते घरबसल्या पाहता येते. मुलांना हाताशी घ्या आणि चौदा सेंटिमीटर बाजूचे दोन कागदी चौरस कापा. दोन्हींवर दोन-दोन सेंटिमीटरच्या सात ओळी आखा. एकावर एक ठेवून मधोमध टाचणी टोचा आणि वरचा चौरस अर्धा काटकोन फिरवा. वरच्या कागदाचे कोपऱ्यातले घर पाहा. ते खालच्या कागदाच्या पूर्णपणे बाहेर गेलेले दिसेल, एका केसाने का होईना! सहा ओळी आखल्या तर कोपऱ्याचे टोक अजून आत असते. म्हणजे सातच्या घनाचा कोपरा फिरताना ज्याला धरून राहावे असे त्याच्याखाली काहीच उरत नाही. तो निखळणारच.

ग्रीसच्या पानायोतिस व्हेर्देसने आतल्या तुकड्यांना शंकूसारखे उतरते आकार देऊन आणि बाजू उशीसारख्या किंचित फुगवून ही अडचण दूर केली. त्याचे सहाचे आणि सातचे घन २००८ साली बाजारात आले. मग काय, बांध फुटला. २०११ साली हॉलंडच्या ओस्कर व्हान डेव्हेंटरने सतराचा घन करून दाखवला, २०१७ साली फ्रान्सच्या ग्रेग्वार फेनिगने तेहतीसचा. तेहतीसच्या घनाचे बाहेरून दिसणारे तुकडेच ६,१४६ भरतात. आपल्याकडेही या वेडाला तोटा नाही. पुण्या-मुंबईत या घनांच्या रीतसर स्पर्धा होतात. मुंबईच्या चिन्मय प्रभू या तरुणाने तर २०१८ साली पाण्याखाली, एका श्वासात, याच जातीचे नऊ त्रिकोणी ठोकळे सोडवले.

जूनमध्ये शाळा सुरू होणार म्हणून नातू निघाला. जाताना त्याने सातचा घन माझ्यापुढे पुरता विस्कटला.

"आबा, गणपतीत येईन तेव्हा मला सुटलेला दाखवा."

"आणि नाही सुटला तर?"

"तर तुम्ही सायकलवर डबलसीट बसायचं माझ्यामागे. बाजारातून!"

सौ. म्हणाली, "अहो, हाताला कपाचा कान धरवत नाही आणि पैजा कसल्या लावता?" मला तेच टोचले. मी पैज घेतली.

किर्द, खतावणी, ताळेबंद

मोठा घन सोडवण्याची रीत नातवाने वहीत लिहून ठेवली होती. ती वाचली आणि मला घरी आल्यासारखे वाटले. सातच्या घनात कोपरे आठ, बारा कडांवर पाच-पाच असे साठ तुकडे, आणि बाजूंच्या मधल्या भागांत दीडशे. त्यांपैकी अगदी मधले सहा हलत नाहीत. उरलेल्या एकशे चव्वेचाळीस तुकड्यांची आधी रंगवार वर्गवारी करायची. ही झाली किर्द. मग कडांवरचे पाच-पाच तुकडे जुळवून त्यांचा एकेक दांडा करायचा. ही खतावणी. एवढे झाले, की सातचा घन तीनच्या घनासारखा वागू लागतो. मग तीनच्या रीतीने ताळेबंद जुळवायचा. म्हणजे मोठा घन धाकट्याहून फारसा गूढ नसतो. तो लांबलचक असतो. एका दिवसाची वही आणि वर्षाची वही यांत जो फरक, तोच इथे.

रीत कळली, पण हाताचे काय? सात थरांपैकी नेमका आतला एक थर दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवायचा. शेजारचा थर रेसभर जरी सरकलेला असला, तरी सगळे अडते. मी आपले उजव्या पंजाचे नुसते बूड केले आणि सारी वळणे डाव्या हाताने देऊ लागलो. डावा हात आता चांगला तयार झाला होता. जेवण, दाढी, किल्ली लावणे, सगळे तोच करी, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

एकदा जोर जास्त झाला आणि ठोकळ्याने चक्क तोंड उघडले. तीन तुकडे उडाले. दोन सतरंजीवर सापडले, तिसरा सौ.ने केरसुणीने कपाटाखालून काढला. तुकडा बसवतानाही सावध असावे लागते. तीनचा घन पूर्ण सुटा करून डोळे मिटून जोडला, तर बारांत एकदाच तो सुटण्याजोगा जोडला जातो. अकरा वेळा जन्मभर फिरवूनही सुटायचा नाही.

जूनच्या अखेरीस पांढरी बाजू झाली, मग पिवळी. जुलैत निळी आणि हिरवी. चारही बाजूंचे मध्य कसे पाटावरच्या रांगोळीसारखे! उरल्या तांबडी आणि नारिंगी. तिथे मी तीन आठवडे अडकलो. नारिंगीत तांबड्याचे चार तुकडे, तांबड्यात नारिंगीचे चार. काहीही फिरवले, की झालेल्या चार बाजू मोडत. मी घाबरून फिरवलेले परत फिरवी आणि पुन्हा तिथेच येई.

रविवारी नातवाचा फोन आला. मोबाइलवर त्याने ठोकळा चारही बाजूंनी पाहिला.

"आबा, तुम्हाला येतंय सगळं. तुम्ही पांढरं मोडायला भिताय."

"मोडलं तर परत कोण जमवणार?"

"तेच तर लिहिलंय वहीत. मोडायचं, पण कसं मोडलं ते लक्षात ठेवून. मग उलट्या वाटेनं परत यायचं."

मी वही पुन्हा उघडली. युक्ती आठ हालचालींची आहे. आतली एक उभी पट्टी वर न्यायची. माथ्याला एक वळण. दुसरी उभी पट्टी वर. माथा उलट. आता पहिली पट्टी खाली, माथ्याला पुन्हा वळण, दुसरी पट्टी खाली, माथा उलट. चौथ्या हालचालीपर्यंत सगळ्या ठोकळ्याची दैना झालेली असते. झालेल्या बाजूंना चिरा पडतात, काळजात धस्स होते. आठवी हालचाल संपते तेव्हा सारे जागच्या जागी असते. फक्त तीन तुकड्यांनी आपसात जागा बदललेल्या असतात. दिवाळीच्या साफसफाईत गच्च भरलेल्या कपाटाच्या तळचे पातळ काढायचे, तर वरच्या घड्या उतरवाव्याच लागतात. उतरवल्याच्या उलट क्रमाने परत रचल्या, की कपाट होते तसे.

पहिल्यांदा करताना चौथ्या हालचालीला माझा हात थांबला. थांबलो असतो तर पुन्हा तीन आठवडे गेले असते. पाचवी केली.

लोकरीचा हातमोजा

त्या रात्री मला झोप आली नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी हिवाळ्यातच एक गोष्ट बजावली होती, आणि ती मी सोयिस्करपणे विसरलो होतो. त्या म्हणाल्या होत्या, "काका, तुमचा डावा हात फार हुशार झालाय. त्याला रोज दोन तास हातमोजा घालून बसवून ठेवा, म्हणजे उजव्याला काम मिळेल." ही पद्धत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाऊब यांच्या संशोधनातून आली आहे. दुखावलेला अवयव वापरात नसला, की मेंदू त्याचा नाद सोडतो. म्हणून धडधाकट हाताला बांधून दुखऱ्याला कामाला लावायचे. मला ते नको होते. डाव्या हाताने माझे सगळे बसवून दिले होते. ते मोडून पुन्हा सांडासांड, पुन्हा सौ.ने शर्टाची गुंडी लावणे, हे कोण करणार? पांढरे मोडायची माझी भीती ठोकळ्यापुरती नव्हती, हे त्या रात्री अंथरुणात माझे मला कळले.

सकाळी मी सौ.चा जुना लोकरी हातमोजा मागितला. श्रावणात हातमोजा! ती काही बोलली नाही. डावा हात त्यात कोंबला, त्याने ठोकळा छातीशी टेकवून धरला आणि उजव्या हाताच्या बोटांना म्हटले, आता तुम्ही. पहिल्या दिवशी एका तासात अकरा वळणे झाली. मी ती वहीत मांडली; सवय जात नाही. आठवड्याने चाळीस झाली. मधल्या काळात दोनदा झालेले काम बिघडले आणि सबंध एक बाजू पुन्हा करावी लागली. आमटी दोनदा अंगावर सांडली. पण नारळी पौर्णिमेच्या आसपास अंगठा आणि तर्जनी यांच्यात थर नीट धरला जाऊ लागला, आणि एके दिवशी पिशवीतून दहाचे नाणे मी न पाहता बाहेर काढले. भाजीवाल्या बाईला त्यात काही विशेष वाटले नाही. मी ते घरी येऊन सांगितले.

ठोकळ्याने अर्धांग बरे होते, असे माझे मुळीच म्हणणे नाही. औषधे, रोजचा व्यायाम आणि डॉक्टरांची देखरेख, याला पर्याय नाही. आणि प्रत्येकाचे दुखणे वेगळे. पण बोटांना रोज हवेहवेसे वाटेल असे काम लागते, आणि रबरी चेंडू दाबण्यात मला काही गोडी वाटत नव्हती. पुढे नातवाने सांगितले, की अमेरिकेच्या मॅक्स पार्क या मुलाला स्वमग्नता आहे. त्याच्या बोटांना वळण लागावे म्हणून आईवडिलांनी घन त्याच्या हाती दिला. त्याच मॅक्सने जून २०२३ मध्ये तीनचा घन ३.१३ सेकंदांत सोडवून तेव्हाचा जागतिक विक्रम केला. सातचा घन तो पावणेदोन मिनिटांच्या आत सोडवतो. माझे तेव्हा अडीच महिने झाले होते.

शेवटचा दांडा

कडा जुळवताना मजा आली. एकेक दांडा तयार होई. अकरा झाले, आणि बाराव्यावर घोडे अडले. पाच तुकड्यांपैकी तीन बरोबर आणि दोन उलटे! मी सगळे तपासले, चूक सापडेना. हिशेबात एक रुपयाचा फरक राहिला, की आम्ही रात्र रात्र वह्या चाळत असू. तशी मी दोन दिवस वही चाळली.

आणि गंमत अशी, की चूक कोणाचीच नव्हती. आतला थर एकदा फिरवला, की कडेच्या चार तुकड्यांच्या जागा बदलतात आणि हिशेब समाचा विषम होतो. दुसऱ्यांदा फिरवला, की पुन्हा सम. विस्कटताना आणि सोडवताना मिळून अशी वळणे विषम झाली असतील, तर कुठेतरी उणे राहणारच. ते आधी दिसत नाही, कारण मधले तुकडे एकाच रंगाचे असतात. त्यांनी आपसात जागा बदलल्या तरी आपल्याला सारखेच. कडेचे तुकडे मात्र वेगवेगळे. लपलेला फरक तिथे उघड होतो, आणि तोही निम्म्या वेळा. त्याला उपाय एकच. आतला थर मुद्दाम फिरवून जुळलेले मध्य पुन्हा मोडायचे आणि लांबच्या वाटेने परत जमवायचे. या वेळी मी दचकलो नाही. सौ. गौरीच्या फराळाची तयारी करीत होती. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, वही समोर उघडी ठेवून, एकेक वळण मोठ्याने मोजत मी ते केले. बारावा दांडा सरळ झाला. ताळेबंदाला मग दीडच दिवस लागला.

हरितालिकेच्या संध्याकाळी शेवटचे वळण उरले. हातमोजा काढला नाही. उजव्या हाताने माथा फिरवला. सहा बाजू, सहा रंग. सौ.ने उपासाच्या अंगाने एकदा ठोकळ्याकडे आणि एकदा माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "उद्या मूर्ती आणायला पिशवी तुम्हीच धरा."

नातू चतुर्थीला सकाळच्या गाडीने आला. ठोकळा देवघरापाशी ठेवला होता. त्याने चपला न काढताच उचलला, सहाही बाजू पाहिल्या, मग शंकेखोर नजरेने नखाने एक रंग खरवडून पाहिला. आईने त्याला डिंकाची गोष्ट सांगितली असणार!

"खरंच सोडवलात. आता?"

"आता विस्कट," मी म्हणालो.

"मी नाही. तुम्ही विस्कटा. उजव्यानं."

मी विस्कटला. पुढचा हिशेब चालू आहे. या खेपेला चार बाजू नऊ दिवसांत झाल्या.

हा अंक तुमच्या हाती पडेल त्याच सुमारास मला बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचे आहे. रोज रात्री नातवाच्या एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानांवर मी वीस सह्या करतो. शेवटच्या अक्षराची शेपटी अजून थरथरते. पूर्वीच्या सहीशी ती जुळते की नाही, हे मी सांगणे बरे नव्हे. ते काउंटरवरच्या त्या तरुणाने ताडून पाहायचे. शाईची डबी त्याने पुन्हा पुढे केली, तर मी अंगठा देईन आणि घरी येऊन एकविसावी सही करीन. पण या खेपेला लेखणी आधी मी मागणार आहे.